फांद्या असलेल्या हायड्रोकार्बनला नाव कसं द्यायचं: पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला तास असला की मी फळ्यावर तीन आकृत्या काढते. पहिलीत पाच कार्बन आडव्या ओळीत आणि मधल्याच्या डोक्यावर एक कार्बन. दुसरीत चार कार्बन आडवे, आणि दुसऱ्या कार्बनखाली दोन कार्बनांची शेपटी. तिसरीत साखळी जिन्यासारखी वळणं घेत खाली उतरते आणि मधल्या पायरीला एक कार्बन चिकटलेला. मग विचारते, ही संयुगं किती? बहुतेक मुलं ‘तीन’ म्हणतात. आहे मात्र एकच: ३-मिथिलपेंटेन.

हा लेख वाचून झाल्यावर ते एकच कसं, हे तुम्हाला स्वतः मोजून दाखवता यायला हवं. त्यासाठी वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. नुसतं वाचून हा विषय येत नाही, बोट ठेवून मोजल्यावरच येतो. इथे मी फक्त अल्केनबद्दल बोलणार आहे, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनची, ज्यात कार्बन-कार्बन सगळे बंध एकेरी आहेत अशी संतृप्त संयुगं. द्विबंध, त्रिबंध आणि क्रियात्मक गट पुढे याच पायावर उभे राहतात.

एकाच सूत्राची अनेक माणसं

पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन एवढंच सांगितलं तर तीन वेगवेगळे पदार्थ डोळ्यांसमोर यायला हवेत. पाचही कार्बन सलग असतील तर तो साधा पेंटेन, ३६ अंश सेल्सिअसला उकळतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी त्याची बाटली उघडी ठेवली तर तो बाटलीतच उकळू लागेल. चार सलग आणि एक फांदीवर असेल तर उत्कलनबिंदू २८ अंशांवर येतो. मधल्या एका कार्बनभोवती चार कार्बन असतील तर तो जेमतेम साडेनऊ अंशांवरच वायू होतो. सूत्र तेच, अणू तेवढेच, वागणं निराळं. याला पाठ्यपुस्तकात संरचना समघटकता म्हणतात.

या तिघांना जुन्या काळी नॉर्मल पेंटेन, आयसोपेंटेन आणि निओपेंटेन म्हणत, आणि ही नावं अजूनही ऐकू येतात. तीन जणांसाठी ती पुरतात. पण सहा कार्बन झाले की समघटक पाच होतात, सातांचे नऊ, आठांचे अठरा, दहांचे पंच्याहत्तर. वीस कार्बनच्या अल्केनचे समघटक ३,६६,३१९ होतात. आयसो, निओ करत कुठवर जाणार? म्हणून १८९२ मध्ये जिनिव्हाला रसायनशास्त्रज्ञ जमले आणि रचनेवरून नाव तयार करायचे नियम त्यांनी ठरवले. १९१९ मध्ये आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढे हे काम तिच्याकडे आलं. या नियमांचा हेतू साधा आहे. नाव ऐकून साताऱ्यातल्या मुलीने आणि जिनिव्हातल्या प्राध्यापकाने हुबेहूब तीच रचना काढावी. नाव म्हणजे रचनेचा पत्ता. पत्ता पाठ करत नाहीत, घर बघून लिहितात.

आधी दहा नावं

एवढं मात्र पाठच हवं: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, नोनेन, डेकेन. एक ते दहा कार्बन, याच क्रमाने.

पहिल्या चार नावांना आकड्यांचा आधार नाही, ती जुन्या ओळखीतून आली आहेत. ब्युटेनमधला ‘ब्युट’ लोण्याच्या लॅटिन शब्दावरून आला, कारण खवट लोण्याला वास देणाऱ्या ब्युटिरिक आम्लात चार कार्बन असतात. पाचपासून पुढची नावं मात्र मराठी माणसाला फुकट मिळाल्यासारखी आहेत. पेंट म्हणजे पंच, ऑक्ट म्हणजे अष्ट, नोन म्हणजे नव, डेक म्हणजे दश. हे जुळणं योगायोगाचं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे त्यांचे आकडे सख्ख्या भावंडांसारखे आहेत. सहा आणि सात वेगळे वाटतात, पण शब्दाच्या सुरुवातीचा मूळ ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ झाला हे कळलं की सप्तचा हेप्ट आणि षट्-चा हेक्झ सहज ओळखू येतो. पुढे लागणारे डाय, ट्राय आणि टेट्रा हेसुद्धा आपले द्वि, त्रि आणि चतुर् आहेत.

मुख्य साखळीला चिकटलेल्या फांदीचं नाव करताना शेवटचा ‘एन’ काढून ‘इल’ लावायचा. एका कार्बनची फांदी मिथिल, दोनाची इथिल, तिनाची प्रोपिल, चाराची ब्युटिल. यांना अल्किल गट म्हणतात.

या लेखातली लिहिण्याची पद्धत

आकृतीऐवजी मी एका ओळीत रचना लिहिणार आहे. कार्बनसाठी ‘क’, बंधासाठी रेघ आणि फांदी कंसात. कंसातली फांदी तिच्या लगेच आधीच्या कार्बनला जोडलेली आहे असं समजायचं. हायड्रोजन लिहीत नाही. प्रत्येक कार्बनला चार बंध पुरे करायला जितके लागतील तितके ते आहेतच.

क–क(क)–क–क

म्हणजे चार कार्बन सलग आणि दुसऱ्यावर एक कार्बन. वहीत ही रचना मोठी काढून बघा. पुढची प्रत्येक ओळ वाचताना हेच करा.

पहिली पायरी: सगळ्यात लांब साखळी शोधणं

निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

एका टोकाच्या कार्बनवर बोट ठेवा. बोट न उचलता आणि एकाही कार्बनवर परत न येता दुसऱ्या टोकापर्यंत जा. वाटेत किती कार्बन लागले ते मोजा. मग दुसरी टोकं घेऊन हेच करा. सगळ्यांत जास्त कार्बन ज्या वाटेवर लागले ती मुख्य साखळी, आणि तिच्यातल्या कार्बनच्या संख्येवरून नावाचा शेवट ठरतो. ती कागदावर आडवी आहे की उभी की वाकडी, याला काडीचंही महत्त्व नाही. एकेरी बंधाभोवती रेणू फिरू शकतो, कागदावरची दिशा ही फक्त काढणाऱ्याची सोय.

आता ही रचना घ्या:

क–क(क–क)–क–क

समोर चार कार्बन सरळ दिसतात, दुसऱ्यावर दोन कार्बनांची फांदी. नवीन मूल लगेच लिहितं, २-इथिलब्युटेन. पण फांदीच्या टोकावर बोट ठेवून निघा: फांदीचे दोन, मग जोडणीचा कार्बन, मग उजवीकडचे दोन. पाच झाले. मुख्य साखळी पेंटेनची आहे, आणि डावीकडचा एकटा कार्बन ही तिच्या तिसऱ्या कार्बनवरची मिथिल फांदी आहे. नाव ३-मिथिलपेंटेन. फळ्यावरची दुसरी आकृती ती हीच.

यातून एक पडताळा निघतो. फाटा न फुटलेल्या फांदीतले कार्बन तिच्या क्रमांकापेक्षा कमीच हवेत. मिथिल कधीही १ वर नसतो, कारण टोकाच्या कार्बनला अजून एक कार्बन जोडला तर साखळीच लांबते. इथिल कधीही २ वर नसतो. प्रोपिल ३ वर नसतो. असं नाव तुमच्या उत्तरात आलं की समजा, लांब साखळी निसटली आहे. मागून मोजलं तरी हे खरं राहतं, म्हणून दोन्ही टोकांकडून बघा. हा पडताळा मी मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते, कारण परीक्षेत नाव तपासायला त्याला पाच सेकंदही लागत नाहीत.

कधी कधी दोन वाटा सारख्याच लांबीच्या निघतात. उदाहरणार्थ:

क–क(क)–क(क–क)–क–क

सरळ ओळीत पाच कार्बन आहेत. वरच्या इथिलच्या टोकावरून निघून उजवीकडे गेलं तरी पाचच: दोन, एक, दोन. मग मुख्य कोणती? जिच्यावर फांद्या जास्त येतील ती. पहिली वाट घेतली तर एक मिथिल आणि एक इथिल, अशा दोन साध्या फांद्या. दुसरी घेतली तर मध्यावर फक्त एक फांदी, आणि तीही पुन्हा फाटा फुटलेली. म्हणून पहिली वाट बरोबर. फाटा फुटलेल्या फांदीला नाव देणं कठीण, त्यामुळे हा नियम आपलं कामही सोपं करतो.

दुसरी पायरी: कुठल्या टोकाकडून मोजायचं

साखळी ठरली की तिच्या कार्बनना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. टोकं दोन, म्हणून पर्यायही दोन. दोन्हीकडून मोजा आणि फांद्यांचे क्रमांक लहानापासून मोठ्यापर्यंत दोन याद्यांत लिहा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पहिल्या आकड्यापासून तुलना करा. जिथे पहिल्यांदा फरक दिसेल तिथे ज्या यादीत लहान आकडा आहे ती यादी जिंकते. पुढचे आकडे काहीही असोत.

इथे एक चुकीचा नियम अजूनही फिरतो: क्रमांकांची बेरीज कमी हवी. मी स्वतः बारावीत हाच नियम शिकले होते, आणि साध्या उदाहरणांत तो बरोबर उत्तर देतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पण ही रचना बघा:

क–क(क)–क–क–क–क–क(क)–क(क)–क–क

दहा कार्बनांची साखळी आणि तीन मिथिल. डावीकडून मोजलं तर २, ७, ८. उजवीकडून ३, ४, ९. बेरीज बघाल तर पहिलीची १७ आणि दुसरीची १६, म्हणजे बेरजेचा नियम दुसरी यादी निवडेल. खरा नियम पहिल्या आकड्यावरच थांबतो. २ हा ३ पेक्षा लहान, निकाल लागला. नाव २,७,८-ट्रायमिथिलडेकेन. बेरीज विसरून जा, तिची कधीच गरज पडत नाही.

दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या आल्या तर? समजा हेक्झेनच्या साखळीवर ३ आणि ४ या जागी एक इथिल आणि एक मिथिल आहे. उलटं मोजलं तरी जागा ३ आणि ४ च. अशा वेळी वर्णक्रमात आधी येणाऱ्या फांदीला लहान क्रमांक मिळतो. इथिल आधी, म्हणून ३-इथिल-४-मिथिलहेक्झेन. हा नियम फक्त बरोबरी झाली तरच वापरायचा. वर्णक्रम बघून मोजायला सुरुवात करू नका, आधी याद्या लिहा.

तिसरी पायरी: फांद्या एकत्र करणं

एकाच प्रकारच्या फांद्या अनेक असतील तर त्यांचं नाव एकदाच लिहायचं आणि आधी संख्या सांगायची: दोनाला डाय, तीनाला ट्राय, चाराला टेट्रा. पण क्रमांक प्रत्येक फांदीचा स्वतंत्र. एकाच कार्बनवर दोन मिथिल असतील तर तो क्रमांक दोनदा येतो, २,२ असा. ‘२-डायमिथिल’ लिहिणं चूक, कारण दोन पाहुणे आले असं सांगून एकाचाच पत्ता दिल्यासारखं होतं. नावात जितक्या फांद्या, तितके आकडे. हाही एक पडताळा.

चौथी पायरी: वर्णक्रम, आणि मराठीतून शिकणाऱ्यांची खास अडचण

वेगवेगळ्या फांद्या नावात लिहिताना त्या वर्णक्रमाने लिहायच्या, क्रमांकाच्या क्रमाने नाही. हे

क–क(क)(क)–क–क(क–क)–क–क

आहे ४-इथिल-२,२-डायमिथिलहेक्झेन. इथिलचा क्रमांक मोठा असला तरी तो आधी येतो. ‘डाय’मधलं पहिलं अक्षर धरायचं नाही, मिथिलचंच धरायचं. डाय, ट्राय, टेट्रा हे फक्त मोजमाप आहेत, फांदीच्या नावाचा भाग नाहीत.

आता मराठी माध्यमातल्या मुलांसाठी मी थोडं थांबते. वर्णक्रम कुठल्या लिपीचा? नियम रोमन स्पेलिंगवर बेतलेला आहे, देवनागरीच्या बाराखडीवर नाही. इथिल आणि मिथिल या जोडीत दोन्ही क्रम जुळतात, कारण आपल्याकडेही स्वर व्यंजनांच्या आधी येतात. त्यामुळे मुलांना वाटतं, आपलाच क्रम चालतो. मग प्रोपिल येतो आणि गोंधळ होतो. देवनागरीत ‘प’ हा ‘म’च्या आधी, रोमनमध्ये एम हा पीच्या आधी. म्हणून नाव होतं २-मिथिल-४-प्रोपिलहेप्टेन. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने लिहिलं तर प्रोपिल आधी येईल आणि उत्तर चुकेल.

नेहमी लागणाऱ्या फांद्यांचा बरोबर क्रम असा: ब्युटिल, इथिल, आयसोप्रोपिल, मिथिल, प्रोपिल. बी, ई, आय, एम, पी. देवनागरीत हीच नावं लावली तर आयसोप्रोपिल पहिला येईल आणि मिथिल शेवटचा, म्हणजे सगळंच उलटंपालटं. पुढच्या वर्षी हॅलोजन आले की हेच पुन्हा भेटतं: मराठीत क्लोरो आधी, नियमात ब्रोमो आधी, कारण बी हा सीच्या आधी. ही अडचण बुद्धीची नाही, लिपीची आहे, आणि ती मुलांना पहिल्याच दिवशी सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. फांदीचं नाव मराठीत लिहा, पण क्रम लावताना तिचं रोमन आद्याक्षर समासात पेन्सिलीने टिपून ठेवा.

पाचवी पायरी: स्वल्पविराम, आडवी रेघ, आणि जागा न सोडणं

आकडा आणि आकडा यांच्यामध्ये स्वल्पविराम. आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ. शेवटच्या फांदीचं नाव आणि मुख्य साखळीचं नाव यांच्यामध्ये काहीही नाही, ते जोडून. संपूर्ण अल्केनचं नाव हा एकच शब्द आहे, मध्ये मोकळी जागा नको. २,३-डायमिथिलब्युटेन लिहायचं, ‘२-३ डायमिथिल ब्युटेन’ नाही.

फांदीलाच फाटा फुटला तर

बहुतेक वेळा लांब साखळी नीट शोधली की फांद्या साध्याच उरतात. तरी कधी फांदीही फुटलेली निघते. सात कार्बनांच्या साखळीच्या बरोबर मध्यावर, चौथ्या कार्बनवर, तीन कार्बनांची फांदी आहे पण ती मधल्या कार्बनने जोडलेली:

क–क–क–क(क(क)–क)–क–क–क

कंसात कंस आला आहे. बाहेरच्या कंसातला पहिला ‘क’ साखळीला जोडलेला, आणि त्याला दोन कार्बन.

अशा फांदीला नाव देताना तिलाच एक छोटी साखळी समजा. मुख्य साखळीला जोडलेल्या कार्बनला १ क्रमांक, मग फांदीत पुढे सरकत मोजा. इथे १ पासून निघून दोन कार्बनांची वाट मिळते, आणि १ वर एक मिथिल आहे. म्हणून फांदी (१-मिथिलइथिल), कंसासकट. पूर्ण नाव ४-(१-मिथिलइथिल)हेप्टेन. याच फांदीचं जुनं, सुटसुटीत नाव आयसोप्रोपिल. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत पसंतीचं नाव प्रोपेन-२-इल असं आहे. तिन्ही रूपं पुस्तकांत भेटतील, तिन्ही ओळखता यायला हवीत. परीक्षेत मात्र तुमचं पाठ्यपुस्तक वापरतं तेच लिहा.

चार कार्बनांच्या फांदीची अशी तीन रूपं आहेत. आयसोब्युटिल म्हणजे (२-मिथिलप्रोपिल), सेकंडरी ब्युटिल म्हणजे (१-मिथिलप्रोपिल), आणि टर्शरी ब्युटिल म्हणजे (१,१-डायमिथिलइथिल). जुन्या नावांचा वर्णक्रम लावताना ‘आयसो’ धरायचा, पण ‘सेकंडरी’ आणि ‘टर्शरी’ धरायचे नाहीत. कंसातलं नाव लिहिलं असेल तर कंसातलं पहिलं अक्षर धरायचं, आणि तिथे डायसुद्धा मोजला जातो. हे शेवटचं थोडं खटकतं, मलाही सवय व्हायला वेळ लागला. कारण असं की कंसात तो डाय फांदीच्या स्वतःच्या नावाचा भाग झालेला असतो.

एक रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत

क–क(क–क)–क–क(क)(क)–क–क

झाकून ठेवा आणि आधी स्वतः करून बघा.

सरळ ओळ सहाची दिसते. पण दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची फांदी, म्हणजे २ वर इथिल, म्हणजे धोक्याची खूण. फांदीच्या टोकापासून निघा: फांदीचे दोन, जोडणीचा एक, मग उजवीकडचे चार. सात. मुख्य साखळी हेप्टेन.

आता या साखळीबाहेर काय उरलं? डाव्या टोकाचा एकटा कार्बन आणि दोन कंसातले एकेकटे कार्बन. तीन मिथिल, इथिल एकही नाही. फांदीच्या टोकाकडून मोजलं तर पहिला मिथिल ३ वर, बाकीचे दोघे ५ वर: ३, ५, ५. उजव्या टोकाकडून मोजलं तर जोडी ३ वर आणि एकटा ५ वर: ३, ३, ५. पहिला आकडा सारखा, दुसऱ्याला फरक, ३ जिंकला. नाव ३,३,५-ट्रायमिथिलहेप्टेन.

शेवटी कार्बन मोजा. रचनेत सरळ सहा, इथिलसारखे दिसणारे दोन, मिथिल दोन, एकूण दहा. नावात हेप्टेनचे सात आणि तीन मिथिल, दहा. जुळलं. हा हिशेब जुळला नाही तर नाव नक्की चूक आहे. जुळला तरी नाव बरोबरच असेल असं नाही, कारण ‘२-इथिल-४,४-डायमिथिलहेक्झेन’ या चुकीच्या नावातही दहाच कार्बन आहेत. म्हणून आधी फांदीच्या क्रमांकाचा पडताळा, मग कार्बनची मोजणी.

उलट दिशेने: नावावरून रचना

हे सोपं आहे आणि मुलं हेच टाळतात. नाव मागून पुढे वाचायचं. आधी मुख्य साखळी काढा, तिला क्रमांक द्या, मग सांगितलेल्या जागी फांद्या लावा आणि शेवटी हायड्रोजन भरा. अल्केन असेल तर हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुप्पट अधिक दोन यायलाच हवी.

सरावासाठी २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन घ्या. पाच कार्बन, दुसऱ्यावर दोन मिथिल, चौथ्यावर एक:

क–क(क)(क)–क–क(क)–क

आठ कार्बन, अठरा हायड्रोजन. हा रेणू आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. पेट्रोलचा ऑक्टेन अंक मोजताना याला १०० धरलं जातं आणि सरळ साखळीच्या हेप्टेनला ०. आपल्याकडे बीएस-६ हे वाहनांच्या प्रदूषणाचं मानक आलं तेव्हा साध्या पेट्रोलचा अंक किमान ९१ ठरला होता, म्हणजे असं पेट्रोल इंजिनात निदान ९१ भाग हा पदार्थ आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकं तरी ठोका न देता जळतं. सरळ साखळी लवकर पेट घेते आणि इंजिन ठोके देतं, फांद्यांची टिकून राहते. रचनेतला एवढा फरक पेट्रोल पंपावरच्या आकड्यात दिसतो. उद्योगात या पदार्थाला आयसोऑक्टेन म्हणतात, पण हे नाव दिशाभूल करतं. आयसोपेंटेनच्या चालीने बघितलं तर आयसोऑक्टेन म्हणजे २-मिथिलहेप्टेन व्हायला हवा होता. आठ कार्बनांच्या अठरा समघटकांपैकी कुठला, हे फक्त आययूपॅक नाव निःसंदिग्ध सांगतं.

घरातलंही एक उदाहरण बघून या. नव्या फ्रिजच्या मागच्या लेबलवर शीतकाच्या जागी बहुधा आर-६००ए असं लिहिलेलं सापडेल. तो आयसोब्युटेन. तीन कार्बनांची साखळी, मधल्यावर एक मिथिल, म्हणजे २-मिथिलप्रोपेन. खरं तर नुसतं मिथिलप्रोपेन म्हटलं तरी चालतं, कारण मिथिलला दुसरी जागाच नाही.

सराव

तीन रचना देते. वहीत मोठ्या काढा, बोट ठेवून साखळी मोजा, दोन्हीकडून याद्या लिहा.

पहिली: क–क(क)–क–क(क–क)–क–क

दुसरी: क–क(क–क)–क(क)–क–क

तिसरी: क–क(क)–क(क–क)–क–क

उत्तरं. पहिलीत साखळी सहाचीच आहे, याद्या २, ४ आणि ३, ५, म्हणून ४-इथिल-२-मिथिलहेक्झेन. दुसरीत सरळ पाच दिसतात पण फांदीतून गेलं की सहा मिळतात, आणि नाव ३,४-डायमिथिलहेक्झेन. ‘२-इथिल-३-मिथिलपेंटेन’ लिहिलं असेल तर पहिली पायरी पुन्हा वाचा. तिसरी वर बरोबरीच्या साखळ्यांसाठी घेतलेलीच आहे, तिचं पूर्ण नाव ३-इथिल-२-मिथिलपेंटेन.

आणि एक काम घरी करायचं. सहा कार्बनांच्या अल्केनचे सगळे समघटक शोधा. आधी सहाची सरळ साखळी. मग पाचाची साखळी घेऊन एक मिथिल जिथे जिथे बसेल तिथे बसवा. मग चाराची साखळी आणि दोन कार्बन. प्रत्येक आकृतीला लगेच नाव द्या, नाव न देता पुढची काढू नका. हेक्झेन, २-मिथिलपेंटेन, ३-मिथिलपेंटेन, २,२-डायमिथिलब्युटेन आणि २,३-डायमिथिलब्युटेन ही पाच नावं मिळाली की काम झालं. त्यानंतर तुम्हाला सहावी आकृती सापडली असं वाटेल. बहुतेकांना वाटतंच. तिला या पायऱ्यांनी नाव द्या, आणि मग वरच्या पाचांपैकी कुणाच्या शेजारी ती लिहायची ते बघा.